पाखरांची आई

अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल नावाचे शहर आहे. शहराला लागून टेनेसी नदी वाहते आणि नदीच्या पात्रातील एका बेटावर लहानसा विमानतळ आहे. सन १९४४ मध्ये एक चौतीस वर्षांची स्त्री या बेटावर विमान चालविण्यास शिकू लागली. ती राहत असे दुसऱ्या गावी. प्रथम आगगाडीने शहरात यावयाचे, मग बस पकडावयाची, बस थांबेल तेथून पायी नदीकाठ गाठावयाचा आणि शेवटी होडीतून बेटावर उतरावयाचे, असा तिचा क्रम होता. एवढी यातायात करून आकाशात राहावयास मिळे तो थोडाच वेळ!

या स्त्रीचे नाव एव्हलिन ब्रायन. दुसऱ्या विवाहानंतर त्या एव्हलिन ब्रायन जॉन्सन या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. आरंभी त्यांनी काही काळ शाळेत शिकविले होते. पुढे पतीबरोबर त्यांनी कपडे धुण्याचा व्यवसाय चालविला. दुसरे महायुद्ध सुरू झाले, पती सैन्यात गेले आणि व्यवसायाचा भार एकट्या बाईंवर पडला. अशा दिवसांत रविवारच्या वर्तमानपत्रात ‘विमान चालविण्यास शिका’ अशी जाहिरात त्यांच्या वाचनात आली. पुष्कळ लोक अशा जाहिराती वाचतात आणि पान उलटतात. एव्हलिनबाईंनी पान उलटले नाही.

त्या काळी अमेरिकेत वैमानिकाच्या विद्येचा श्रीगणेशा बहुधा ज्या विमानावर होई, त्याचे नाव ‘पायपर कब’. ‘कब’ म्हणजे अस्वलाचे पिल्लू. पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॉक हेवन या गावी विल्यम पायपर यांच्या कारखान्यात हे विमान तयार होत असे. सन १९३८ ते १९४७ या काळात या एकाच नमुन्याची सुमारे वीस हजार विमाने बांधली गेली. महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या सरकारने चार लाखांहून अधिक नागरिकांना विमान चालविण्याचे शिक्षण दिले. त्यांतील बहुसंख्य लोक या पिल्लाच्याच पाठीवर बसून शिकले.

आज आपण ज्या प्रचंड प्रवासी विमानांची चित्रे पाहतो, त्यांच्याशी या विमानाचे साम्य फारच थोडे. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले कापड, असे त्याचे शरीर. रंग पिवळाधमक आणि बाजूवर विजेच्या आकाराचा काळा पट्टा. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ३४७ किलो. इंजिनाची शक्ती अवघी ६५ अश्वशक्ती आणि नेहमीचा वेग ताशी १२० किलोमीटर. त्यात विजेची सोय मुळीच नव्हती. इंजिन सुरू करावयाचे म्हणजे कोणीतरी पुढे उभे राहून नाकावरचा पंखा हाताने जोरात फिरवावयाचा आणि तो गरगरू लागण्यापूर्वीच हात मागे घ्यावयाचा. येथे चुकीला क्षमा नसे. पेट्रोल किती उरले हे दाखविण्याची युक्ती तर मोठी मौजेची होती. नाकाजवळच्या टाकीत एक बूच तरंगत असे. बुचाला एक तार लावलेली असे आणि ती टाकीच्या झाकणातून वर डोके काढी. पेट्रोल संपत जाई तसतशी तार खाली उतरे. वैमानिकाने समोरच्या काचेतून त्या तारेवर नजर ठेवावयाची, एवढेच!

या विमानात दोनच माणसे बसतात आणि तीही शेजारी शेजारी नव्हेत, तर एकामागे एक. दोघांच्याही पुढे एक एक उभा दांडा असतो. दांडा पुढे ढकलला की विमानाचे नाक खाली जाते आणि मागे ओढला की वर येते. डावीउजवीकडे कलविला तर विमान त्या बाजूला कलते. पायांखाली दोन लहान खटके असतात. त्यांच्या दाबाने शेपटीचे सुकाणू वळते. दोन्ही दांडे आणि दोन्हींकडील खटके एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे विद्यार्थ्याने दांडा हलविला की शिक्षकाचाही हलतो आणि शिक्षकाने धरला की विद्यार्थ्याच्याही हातातला आवरला जातो.

आता शिक्षक कोठे बसत असेल? मागे बसून विद्यार्थ्यावर नजर ठेवीत असेल, असे कोणासही वाटेल. कब विमानात नेमके उलट असते. शिक्षक पुढे बसतो आणि विद्यार्थी त्याच्या पाठीमागे. कारण असे की, हे विमान एकट्याने चालवावयाचे झाल्यास मागच्याच आसनावरून चालवावे लागते. इंजिन आणि पेट्रोलची टाकी ही नाकाकडे असतात. त्यांच्यामागोमाग एकटा माणूस पुढच्या आसनावर बसला तर विमानाचा तोल पुढे जातो. तराजूच्या एकाच पारड्यात सगळी वजने टाकावीत, तसे ते होते. मागे बसणाऱ्या माणसामुळे तो तोल सावरतो. विद्यार्थ्याला एक दिवस एकट्यानेच उडावयाचे असल्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याची जागा मागची.

याचा परिणाम असा होतो की, शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही. शाळेतील गुरुजींना मुलाच्या डोळ्यांकडे पाहताच त्याला समजले की नाही हे कळते. विमानातील शिक्षकाला ती सोय नाही. विद्यार्थी घाबरला आहे, गोंधळला आहे की विनाकारण धीट झाला आहे, हे त्याला दांड्यावरून ओळखावे लागते. भ्यालेला माणूस दांडा मुठीत गच्च आवळतो. मग विमान धक्क्याधक्क्याने चालते. ज्याचा जीव थाऱ्यावर आहे, तो दोन बोटांनी दांडा धरतो आणि विमान जणू आपल्याच इच्छेने वळते. जाणता शिक्षक आपला हात दांड्याच्या अगदी जवळ, पण त्याला न लावता ठेवतो. या न लावण्यातच त्याचे खरे कौशल्य आहे.

हे नीट कळण्यासाठी विमान हवेत कसे तरते, याचा थोडा विचार केला पाहिजे. पंखाची पुढची कड किंचित वर उचललेली असते. विमान वेगाने पुढे जात असताना पंख समोरून येणाऱ्या हवेला खाली लोटतो आणि त्या बदल्यात हवा पंखाला वर उचलते. वेग कमी झाला की ही उचल टिकविण्यासाठी विमानाचे नाक आणखी वर करावे लागते. पण यालाही मर्यादा आहे. नाक फारच वर केले तर पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, ती विस्कटते. तशी ती विस्कटली की पंखाची उचल एकाएकी घटते आणि विमान नाक खाली करून कोसळू लागते. वैमानिकांच्या बोलीत याला ‘स्टॉल’ म्हणतात. कब विमानात पूर्ण भार असताना वेग ताशी ६१ किलोमीटरच्या आसपास उतरला की ही अवस्था येते. त्या वेळी इंजिन उत्तम चालू असले तरी त्याचा उपयोग नसतो.

खरी अडचण पुढेच आहे. नाक खाली जाऊ लागले की माणसाचा हात आपोआप दांडा मागे ओढतो. पडणाऱ्याने वर पाहावे, हा स्वभावच आहे. परंतु त्या क्षणी दांडा ओढणे म्हणजे विस्कटलेली हवा आणखी विस्कटविणे होय. उपाय अगदी उलटा आहे. दांडा पुढे सोडावयाचा, नाक आणखी खाली जाऊ द्यावयाचे, वेग वाढू द्यावयाचा आणि मग सावकाश विमान सरळ करावयाचे. पडत असताना जमिनीकडे तोंड करण्यास माणसाचे मन सहजासहजी तयार होत नाही आणि नुसते सांगून तर मुळीच होत नाही. म्हणून शिक्षक विमानाला पुष्कळ उंचावर नेतो आणि विद्यार्थ्याकडून मुद्दाम स्टॉल करवितो. विमान थरथरते, नाक कोसळते, मागे बसलेल्याच्या पोटात गोळा येतो. पुढचा माणूस मात्र हात मांडीवर ठेवून बसलेला असतो. विद्यार्थी चुकीने दांडा ओढतो आणि विमान पुन्हा कोसळते. तरीही पुढचा माणूस बसूनच असतो. खाली पुष्कळ अंतर मोकळे आहे, हे त्याला ठाऊक असते. दोनतीन वेळा असे झाले म्हणजे विद्यार्थ्याचा हात आपण होऊन पुढे जाऊ लागतो.

हीच चूक जमिनीपासून पन्नास मीटरांवर झाली, तर सावरण्यास जागा उरत नाही. लहान विमानांचे किती तरी प्राणघातक अपघात याच कारणाने झाले आहेत. त्यामुळे शिक्षकाचे गणित उंचीवर चालते. जितकी उंची अधिक, तितकी विद्यार्थ्याला चुकण्याची मोकळीक अधिक. विमान खाली येऊ लागले की ती मोकळीक आटत जाते आणि धावपट्टीजवळ तर ती एखाद्या क्षणाएवढीच उरते. तेथे हात घालावा की थांबावे, याचा निर्णय शिक्षकाने त्या क्षणातच घ्यावयाचा असतो.

विमान उतरविणे हा या विद्येतील सर्वांत अवघड धडा. कब विमान ताशी सुमारे नव्वद किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते. जमीन जवळ आली की नाक हळूहळू उचलून त्याचा वेग मोडावयाचा आणि पुढची दोन चाके व शेपटीचे छोटे चाक जमिनीला टेकावयास आणि पंखांतील उचल संपावयास एकच गाठ पडेल, असे करावयाचे. दांडा लवकर ओढला तर विमान पुन्हा वर चढते, वेग गमावते आणि धाडकन आदळते. उशिरा ओढला तर चाके आपटून विमान चेंडूसारखे उसळते. त्यातच वारा असतो. समोरून ताशी तीस किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर नव्वदने येणारे विमान जमिनीवरून साठच्याच वेगाने सरकते. बाजूने वारा असेल, तर ते धावपट्टीवरून अलगद बाजूला वाहून जाऊ लागते. शेकडो टनांच्या विमानाला अशा वाऱ्याची फारशी पर्वा नसते, पण अर्ध्या टनाच्या या पिल्लाला प्रत्येक झुळूक जाणवते. अशा विमानावर शिकलेला माणूस वाऱ्याला विसरत नाही, असे जुने वैमानिक सांगतात. ते पटण्यासारखे आहे.

शिक्षकाने येथे जरा लवकर दांडा धरला, तर विमान सुखरूप उतरेल. पण विद्यार्थी काय शिकेल? वेळ आली की पुढचा माणूस सांभाळून घेतो, एवढेच तो शिकेल. शिक्षकाने उशीर केला, तर विमानाचे पाय मोडतील किंवा त्याहून वाईट काही होईल. या दोहोंमध्ये एक अरुंद जागा आहे आणि शिक्षकाचे सारे आयुष्य त्या अरुंद जागेत जाते.

कधी कधी उड्डाण अगदी व्यवस्थित चालले असताना शिक्षक न सांगताच इंजिनाचा जोर काढून घेतो. ‘इंजिन बंद पडले आहे असे समजा. आता कोठे उतरणार?’ विद्यार्थ्याने त्याच क्षणी खाली पाहून एखादे मोकळे शेत किंवा कुरण निवडावयाचे, वारा कोणीकडून आहे ते धुराड्याच्या धुरावरून किंवा तळ्यावरच्या तरंगांवरून ओळखावयाचे आणि विमान तरंगवीत त्या दिशेला वळवावयाचे. तीनशे मीटर उंचीवरून असे विमान सुमारे अडीच किलोमीटर तरंगत जाऊ शकते. शेताजवळ पोहोचल्यावर शिक्षक इंजिनाला पुन्हा जोर देतो. ही परीक्षा इतक्या वेळा होते की, पुढे जन्मभर तो माणूस उडता उडता खालची शेते निवडीत राहतो.

आणि मग एके दिवशी, विद्यार्थ्याला पूर्वसूचना न देता, ती वेळ येते. दोनतीन वेळा विमान चांगले उतरलेले असते. वारा शांत असतो. शिक्षक विद्यार्थ्याला विमान कडेला थांबविण्यास सांगतो, दार उघडतो आणि खाली उतरतो. त्याच्या नोंदवहीत सही करतो. ही सही म्हणजे ‘हा माणूस एकटा उडण्यास योग्य आहे’ अशी शिक्षकाची लेखी ग्वाही असते. अमेरिकेतील नियमाप्रमाणे अशी सही मिळाल्यावाचून कोणाही शिकाऊ वैमानिकाला एकट्याने उडता येत नाही.

मागच्या आसनावरील मुलाला समोरचे आसन प्रथमच रिकामे दिसते. इतके दिवस जी पाठ त्याच्या दृष्टीच्या आड येत होती, ती आता नसते. तो इंजिनाचा जोर वाढवितो आणि विमान त्याच्या अपेक्षेपूर्वीच जमीन सोडते. यात जादू काही नाही. दोन माणसे आणि पेट्रोल धरून विमानाचे वजन सव्वापाचशे किलोंच्या घरात होते. त्यातून शिक्षकाचे पंचाहत्तर किलो उतरले, म्हणजे सातवा हिस्सा भार कमी झाला. विमान उसळून वर चढते, ते यामुळेच. पुष्कळ वैमानिकांना पहिल्या एकल उड्डाणातील हीच उसळी जन्मभर आठवते.

खाली गवतावर उभ्या असलेल्या शिक्षकाला मात्र करण्यासारखे काहीच नसते. दांडा नाही, खटके नाहीत. विमान एक फेरी घेऊन परत येईपर्यंतची ती पाचसात मिनिटे त्याने नुसते वर पाहत राहावयाचे. विद्यार्थी सुखरूप उतरला की अमेरिकेत त्याच्या सदऱ्याचा मागचा भाग कात्रीने कापून घेण्याची गमतीची प्रथा आहे. अगदी जुन्या काही विमानांत शिक्षक मागे बसे आणि इंजिनाच्या गोंगाटात हाक ऐकू जात नसल्यामुळे पुढच्या विद्यार्थ्याचा सदरा ओढून त्याचे लक्ष वेधून घेई. आता ओढण्याचे कारण उरले नाही, म्हणून सदऱ्याचे टोकही नको, असा त्या प्रथेचा अर्थ सांगतात. कापलेल्या तुकड्यावर नाव आणि तारीख लिहून तो विमानशाळेच्या भिंतीवर टांगतात.

एव्हलिनबाईंनी १९४४ मध्येच एकटीने उड्डाण केले आणि १९४७ मध्ये त्या स्वतः शिक्षिका झाल्या. त्या काळी मोठ्या विमान कंपन्या स्त्रियांना वैमानिक म्हणून सहसा घेत नसत. पण बाईंना जे शिकवावयाचे होते, त्यासाठी लहान विमान आणि लहान विमानतळ पुरेसा होता. सन १९५३ पासून त्यांनी टेनेसीतीलच मॉरिसटाऊन या गावच्या विमानतळाचा कारभार पाहण्यास आरंभ केला. विमानतळ सांभाळणे, विमाने विकणे आणि दिवसभर शिकविणे असे त्यांचे जीवन होते.

हा पेशा द्रव्य मिळवून देणारा नाही. शिक्षकाला बहुधा उड्डाणाच्या तासाप्रमाणे मोबदला मिळतो. पाऊस आला, धुके पडले, वारा सुटला की त्या दिवसाची मिळकत बुडाली. आजही अमेरिकेत पुष्कळ तरुण थोडा काळच शिक्षक होतात. तेथे २०१३ पासून प्रवासी कंपनीच्या वैमानिकाला साधारणतः १,५०० तासांचा अनुभव असावा लागतो. ते तास भरले की हे तरुण निघून जातात. त्यात त्यांचा दोष नाही, पण नव्या विद्यार्थ्याला पुन्हा नवाच शिक्षक मिळतो, हेही खरे. एव्हलिनबाई निघून गेल्या नाहीत. त्यांनी सुमारे पाच हजार जणांना शिकविले आणि सरकारी परीक्षक या नात्याने नऊ हजारांहून अधिक उड्डाणपरीक्षा घेतल्या. विद्यार्थी त्यांना ‘ममा बर्ड’, म्हणजे पाखरांची आई, म्हणू लागले.

त्यांच्या धैर्याचीही एक हकिकत आहे. सन १९५८ मध्ये त्यांच्या विमानतळावर एक हेलिकॉप्टर कोसळले. इंजिन चालूच होते आणि केव्हा पेट घेईल याचा नेम नव्हता. बाई धावत गेल्या, त्यांनी इंजिन बंद केले आणि आग विझविण्याच्या नळकांड्याने फवारा मारून वैमानिकाचे प्राण वाचविण्यास साहाय्य केले. या कृत्याबद्दल त्यांना शौर्याचे कार्नेगी पदक मिळाले.

त्यांच्या नोंदवहीत अखेरीस ५७,६३५ तासांची नोंद झाली. सतत उडत राहिले तर हे साडेसहा वर्षांहून अधिक होतात. इतके तास उडालेली दुसरी स्त्री जगात झाली नाही. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यांतील बहुतेक तास दुसऱ्या कोणाला तरी शिकविण्यात गेले. त्या वेळी दांडा त्या दुसऱ्याच्या हातात होता.

दरम्यान लहान विमानांचे जगही बदलले. सन २००४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने ‘हलकी क्रीडा विमाने’ असा एक नवा वर्ग पाडला. भारासह ६०० किलोंपर्यंतचे, दोन माणसांचे, साधे विमान या वर्गात बसे आणि ते चालविण्याचा परवाना निम्म्या तासांत, वीस तासांच्या शिक्षणावर, मिळू शके. पुढे २०२५ मध्ये या मर्यादा पुष्कळ सैल करण्यात आल्या. नव्या विमानांत बुचाची तार नाही. वेग, उंची, दिशा, नकाशा, सारे काही चकाकणाऱ्या पडद्यावर उमटते. विद्यार्थी पडद्याकडेच पाहत राहू लागला, की काही शिक्षक त्यावर कागद चिकटवितात आणि त्याला खिडकीबाहेर पाहावयास लावतात. जुने पिवळे कब आपल्या कमी वजनामुळे आपोआपच या वर्गात येऊन बसले. पाऊणशे वर्षांपूर्वी बांधलेली त्यांतील कित्येक विमाने अजून उडत आहेत आणि काही शाळांत त्यांवर आजही शिक्षण दिले जाते.

दृष्टी मंदावल्यामुळे एव्हलिनबाईंना पुढे विमान चालविणे सोडावे लागले. त्या वेळी त्यांनी वयाची नव्वद वर्षे मागे टाकली होती. सन २००६ मध्ये मोटारीच्या अपघातानंतर त्यांचा एक पाय कापावा लागला. एवढी वर्षे आकाशात राहिलेल्या बाईंना इजा झाली ती रस्त्यावर! मॉरिसटाऊनच्या विमानतळाचा कारभार त्यांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ पाहिला. १० मे २०१२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची एकशे दोन वर्षे पूर्ण केली होती.